त्रिंबकरावांचं विस्थापन

औरंगपुरा-शहागंजच्या शहरातल्या सातारा परिसरात, एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वेताच्या खुर्चीत बसून त्रिंबकराव रोज सकाळी विस्थापित व्हायचे. आधी चहा, मग विस्थापन. चहा कोमट असला तर विस्थापन जरा जास्त व्हायचं.

"आम्ही मुळासकट उपटलेली माणसं," असं ते दूधवाल्याला सांगायचे. दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवून पळायच्या बेतात असायचा, पण त्रिंबकराव त्याला जिन्यात गाठायचे. "उपटणं कुठून आलं ठाऊक आहे का तुला? उत्पाटन! उत् म्हणजे वर. वर ओढून काढणं. ध्यानात आलं?" दूधवाल्याच्या ध्यानात एवढंच यायचं की उद्यापासून या मजल्यावर सगळ्यात आधी यावं, म्हणजे हे उठायच्या आत सुटका होईल.

तसं बघायला गेलं तर गोष्ट खोटी नव्हती. चितेगावच्या पलीकडं त्यांची वाडी होती, जमीन होती, ती कारखान्यांसाठी गेली. वाडीतली माणसं जिकडंतिकडं पांगली. त्यातले काही खरोखरच देशोधडीला लागले, आणि ते कुठल्याही गॅलरीत बसून काही सांगत नव्हते. त्रिंबकरावांचं मात्र बरं झालं. हा फ्लॅट आला, पोरगा सोमनाथ त्याच कारखान्यांपैकी एकात सुपरवायझर म्हणून चिकटला, सून मेघा फुलंब्रीची मिळाली आणि हाताला चव असलेली निघाली. वाडीत संमतीच्या कागदावर पहिली सही कुणी केली होती, एवढं तेवढं विचारू नये. रानात त्रिंबकरावांना घाम गाळताना पाहिलेलं माणूस वाडीत नव्हतं. घाम त्यांची बायको मंजुळाबाई गाळायची. कापूस संपला की वाळकी पऱ्हाटी उपटायला बायको उन्हात आणि नवरा लिंबाखाली, हा त्या घरचा रिवाज. त्रिंबकरावांचे आजोबा तर मेंढरं घेऊन बारमाही हिंडणारे. पावसाळा सोडला तर त्यांचं बिऱ्हाड सदा घोड्याच्या पाठीवर. पण आपण विस्थापित आहोत हे त्या बिचाऱ्यांना मरेपर्यंत कळलं नाही. सांगणारं कुणी भेटलं नाही, दुसरं काय!

शब्दांचा नाद त्रिंबकरावांना लागला तो भूसंपादनाच्या कचेरीत. तिथं सगळ्यांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. बाकीच्यांना त्यातून गुडघेदुखी मिळाली, त्रिंबकरावांना शब्द मिळाले. बाकावर बसल्या बसल्या निजामाच्या काळातल्या कागदांची भाषा कानावर पडायची. "बेदखल! बे म्हणजे विना, दखल म्हणजे शिरकाव. आपल्याच रानात आपल्यालाच शिरकाव नाही. वा रे वा, काय शब्द आहे!" त्यांना इतका आनंद व्हायचा की शेजारी बसलेली म्हातारी डोळे पुसतेय हे दिसायचंच नाही. मग औरंगपुऱ्यातल्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी जाडजूड शब्दकोश आणला आणि त्या दिवसापासून घरात कुणाची धडगत राहिली नाही. परागंदा फारसीतून आला, मूळ अर्थ विखुरलेला. तडीपार म्हणजे नदीच्या तडीच्या पलीकडं घालवलेला. देशोधडीतली 'धडी' मात्र त्यांना कुठंच सापडेना, तेव्हा त्यांना तीन रोज जेवण गोड लागलं नाही. "पुनर्वसन बघा," ते म्हणायचे, "वसन म्हणजे राहणं, आणि वसन म्हणजे कपडाही. सरकारनं दोन्हीतलं काही दिलं का?" हे वाक्य त्यांनी स्वतःच्या फ्लॅटमध्ये, इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात उभं राहून म्हटलेलं मेघानं आपल्या कानांनी ऐकलंय.

अशा माणसाची कदर करणारं कुणीतरी भेटतंच. त्यांना बद्रीनाथ भेटला. बद्रीनाथ प्लॉटिंगचा धंदा करायचा आणि फावल्या वेळात विस्थापितांसाठी मेळावे घ्यायचा. व्यासपीठावर बसवायला त्याला एक विस्थापित लागायचा. खरे विस्थापित दिवसा कामावर असायचे, आणि आले तरी भलतंसलतं बोलून जायचे. त्रिंबकराव वेळेवर यायचे, स्वच्छ यायचे आणि शब्दांच्या पलीकडं काही मागायचे नाहीत. शाल, नारळ, फोटो, खूश! दिवाणखान्याच्या भिंतीवर अशा फोटोंची रांगच लागली होती. प्रत्येक फोटोत त्रिंबकराव मुळापासून उखडलेले आणि हसतमुख.

या इतक्या शब्दांच्या घरात एक शब्द मात्र कुणी तोंडातून काढत नसे. मुराळी.

मंजुळाबाईंचं माहेर सिल्लोडच्या अलीकडं, जळगाव रोडला अगदी लागून. आईबाप कधीच गेलेले. पाठचा भाऊ कडुबा तेवढा तिथं होता. लेकीनं माहेरी जायचं तर माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं, तो मुराळी. तो येतो, घटकाभर टेकतो, जेवतो आणि मगच लेक पिशवी उचलते. आताच्या पोरी फोन करतात आणि बसमध्ये बसतात, त्यांचं बरं आहे. मंजुळाबाईंच्या पिढीत मुराळ्याशिवाय माहेरचा उंबरा चढणं म्हणजे स्वतःच्याच घरी बिनबोलावलेली पाव्हणी होणं. कडुबा दर पंचमीला न चुकता यायचा. एका हातात भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं, दुसऱ्या हातात डोक्यावरून काढलेली टोपी. "आक्का, चल," एवढंच बोलायचा. तेवढ्यावर मंजुळाबाईंचं वर्ष निघायचं.

ते बंद पडलं शीलाच्या लग्नापासून. शीला ही कडुबाची थोरली लेक. पंगत बसलेली, बुंदी वाढून झालेली, आणि नवरदेवाच्या बापाशेजारी पाट मिळालेला त्रिंबकरावांना. कुणी दिला तो पाट देव जाणे! त्यांनी व्याह्यांना आडनाव विचारलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "याचं मूळ सांगू का?" व्याही बिचारे हो म्हणाले. त्रिंबकरावांनी त्या आडनावाची फोड केली, एक धातू काढला, दोन उपसर्ग जोडले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. "थोडक्यात काय, तुमचे पूर्वज गावानं हाकलून दिलेले असणार!"

व्याही ताटावरून उठले. त्यांच्यामागं अख्खं वऱ्हाड उठलं. कडुबानं आपली टोपी व्याह्यांच्या पायावर ठेवली तेव्हा कुठं माणसं परत बसली. व्याही म्हणाले, ह्यांनी एक शब्द चुकलं म्हणावं, आम्ही विसरून जाऊ. त्यावर त्रिंबकराव म्हणाले, "हे शास्त्र आहे. शास्त्रात माफी नसते." झालं! लग्न लागलं, पण निघताना कडुबानं बहिणीला बाजूला घेतलं. "आक्का, तू कवाबी ये, घर तुझंच हाय. पण दाजी एक शब्द बोलल्याबिगर मी त्यांच्या दारात पाय ठेवणार नाय." आणि मंजुळाबाई म्हणाल्या, "मुराळी आल्याबिगर मी येणार नाय." दोघं एकाच आईची, दोघांच्या नाकावर तोच राग. गाडी अडली होती ती त्रिंबकरावांच्या एका शब्दापाशी. त्यांच्याकडं शब्दांना काय तोटा! पण तेवढा एक नेमका त्यांच्या साठ्यात नव्हता.

पंचम्या आल्या आणि गेल्या. पंचमीच्या सकाळी मंजुळाबाई नवी साडी नेसून गॅलरीत उभ्या राहायच्या आणि खाली फाटकाकडं बघायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, कबुतरं हाकलतेय. एकदा त्रिंबकरावांनी ते पाहिलं आणि त्यांना ज्ञान सुचलं. "अगं, माहेर म्हणजे मातृगृह. मातृगृह, माइहर, माहेर. आईचं घर. आई नाय राहिली, म्हणजे व्युत्पत्तीनं बघितलं तर तुला आता माहेर नायच." मंजुळाबाईंनी आत जाऊन लसूण सोलायला घेतला आणि घरात चार दिवस पुरेल एवढा लसूण सोलून ठेवला.

यंदा पंचमीला मेघा फुलंब्रीला जाऊन आली आणि येताना बातमी घेऊन आली. चपला काढता काढताच तिनं सासूला सांगून टाकलं.

"आत्याबाई, रस्ता रुंद करायलेत. कडुबामामांच्या घरावर लाल फुली मारलीय. नुसता ओटा नाय, सगळंच घर जाणार म्हणतात."

मंजुळाबाईंच्या हातातली परात खाली पडली. "कडुबा कुठं जाणार मग? पोराकडं, शिवमकडं?"

"शिवमभाऊंची पुण्यात एकच खोली हाय. बघू म्हणाले. मामा म्हणतात, रानात पत्र्याचं शेड हाय, तिथं पडून राहीन. चूल पण नाय तिथं."

त्रिंबकराव खुर्चीतून उठले. चेहरा असा उजळलेला की मेघाला वाटलं, हे आता सिल्लोडची बस पकडतात की काय. "म्हणजे आपला कडुबा पण विस्थापित! अगं, योग बघ. बद्रीनाथचा मेळावा परवावर आलाय, विषयच आहे मूळ आणि उन्मूलन. घरचंच उदाहरण मिळालं!"

मंजुळाबाईंनी परात उचलली, पुसली, जागेवर ठेवली. मग पदर खोचून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"घरच पडल्यावर मला न्यायला कोण येणार? आन् नेऊन ठेवणार कुठं?" त्या म्हणाल्या. "माझं माहेर जातंय आन् तुम्हाला उदाहरण मिळालं व्हय! मीच जाते. मीच त्याला इथं घेऊन येते, मुराळी होऊन."

त्रिंबकरावांना हसू आवरेना. "मुराळी सासरी येतो, सासरहून जात नसतो. उलटा मुराळी कधी कुणी ऐकलाय का? आन् बाईमाणूस मुराळी?"

"नसंल ऐकला तर आता ऐका. आन् तुम्हाला बी यायचंय. भाऊ बहिणीच्या दारी राहत नसतो, तुम्हाला ठाऊक हाय. घरधन्यानं सोताच्या तोंडानं बोलावल्याबिगर तो उंबरा वलांडायचा नाय. आन् आधी तो लग्नातला शब्द."

"परवा मेळावा आहे माझा!"

"जावा की मेळाव्याला. मग मी तिकडंच राहीन त्याच्या शेडात." मंजुळाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला काय, सवय हाय. सोळाव्या वर्षी बापाच्या घरातून उपटून आणली मला. रडत रडत बैलगाडीत बसले. तवा कुणी मेळावा घेतला नाय आन् मला शाल बी दिली नाय."

त्रिंबकरावांनी मदतीसाठी सुनेकडं पाहिलं. मेघा म्हणाली, "आबा, आत्याबाईंना एकटीला शेडात कसं ठेवायचं? मी पण जाईन म्हणते." आता दोघी गेल्या तर सकाळचा चहा आणि दोन वेळचं जेवण कोण करणार, याचा हिशोब त्रिंबकरावांनी चटकन केला. बायकोचं माहेर जातंय म्हणून त्यांच्या पोटात तुटलं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. ते निघाले ते पोटासाठीच.

मेळाव्याच्याच दिवशी सकाळी दोघं सिल्लोडच्या बसमध्ये बसली. मंजुळाबाईंच्या मांडीवर धपाट्यांची शिदोरी, पिशवीत नवा टॉवेल आणि टोपी. मुराळ्यानं द्यायचा मान म्हणून त्यांनी ती स्वतः शहागंजातून आणली होती. त्रिंबकराव वाटेनं भाषण जुळवत होते. मेळावा हुकला म्हणून काय झालं, ऐकायला मेहुणा आहेच. सुरुवात विस्थापनानं करायची, मध्ये उन्मूलन घ्यायचं, मग परागंदाला हात घालायचा आणि माफीचं प्रकरण शेवटी फारशा कुणाच्या लक्षात येणार नाही असं उरकायचं. फुलंब्री गेलं तसं त्यांनी दोनदा स्वतःशीच मान डोलावली. जमलं होतं.

कडुबाच्या घराशी पोचले तर समोर यंत्र उभं. ओटा आधीच गेलेला. दारापुढच्या लिंबाखाली बाज टाकून कडुबा बसला होता. आजूबाजूला भांडी, एक कपाट, देवाचे टाक ठेवलेली पाटी आणि कोंबड्यांचं खुराडं. तो इतका वाळला होता की मंजुळाबाईंनी त्याला आधी ओळखलंच नाही. बहिणीला बघून तो उठला.

मंजुळाबाईंनी बाजेवरच शिदोरी सोडली. टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, टोपी हातात दिली. "मुराळी आलेय मी. जेव आन् चल."

"आक्का, याड लागलं का तुला!" कडुबा म्हणाला. "बहिणीच्या दारात जाऊन राहू? लोक काय म्हणतील मला?" मग त्यानं हळूच त्रिंबकरावांकडं पाहिलं. "आन् दाजींचं काय म्हणणं हाय?"

त्रिंबकराव पुढं झाले. घसा साफ केला. "विस्थापन या शब्दात," ते म्हणाले, आणि तेवढ्यात यंत्रानं पुढची भिंत ढकलली.

ती भिंत पडायला फार वेळ लागला नाही. आतली खोली एकदम उन्हात आली. चुलीमागचा काळा झालेला कोपरा, दिव्याची देवळी, खुंटीला राहून गेलेली एक चाळणी, सगळं रस्त्यावरून दिसायला लागलं. मंजुळाबाई त्याच खोलीत जन्मल्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि त्यातून असा आवाज निघाला की यंत्रावरच्या माणसानंही मान फिरवली. वाडीतलं स्वतःचं घर पडलं तेव्हा त्रिंबकराव कचेरीत एका कागदावरचा शब्द समजून घेत बसले होते. त्या दिवशी बायको एकटीच उभी होती. घर पडताना ते आज पहिल्यांदा बघत होते.

त्यांचं तोंड उघडंच होतं. त्यातून विस्थापन निघेना, उन्मूलन निघेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कडुबा, चुकलं. शीलाच्या सासऱ्यांना बी मी जाऊन सांगतो. आपल्या घरी चला."

कडुबा जरा थांबला, पुढं अजून काही येतंय का म्हणून. काही आलं नाही. मग त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि धपाट्याचा एक घास मोडला.

मेळावा त्रिंबकरावांवाचून पार पडला. बद्रीनाथनं आयत्या वेळी दुसरा एक विस्थापित मिळवला आणि त्याचाही फोटो चांगला आला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा बाहेर गेलेली, सोमनाथ कामावर. कडुबा गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. मंजुळाबाई खोलीत पंख्याखाली पाय पसरून पडल्या होत्या. भर दुपारी, अशा आडव्या! त्रिंबकराव दारात येऊन उभे राहिले. बरं नाही का, असं त्यांनी विचारलंसुद्धा.

"झ्याक हाय मी," मंजुळाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"मग जेवणाचं?"

"मी माहेरी आलेय. माहेरवाशीण चुलीपाशी जात नसती. वरणाचा कुकर लावा. डाळ खालच्या डब्यात हाय."

"अगं, हे तुझं माहेर कसं? हे तर आपलं..."

"माझा भाऊ कुठाय?"

"गॅलरीत."

"मग?"

मातृगृह हा शब्द त्रिंबकरावांच्या अगदी जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला. हे घर जर बायकोचं माहेर, तर आपण इथं कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात आला. त्याबरोबर घरजावई हा शब्दही आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या शब्दाच्या मुळाशी जावं असं त्यांना वाटलं नाही. ते स्वयंपाकघरात गेले. खालचा डबा शोधताना त्यांनी तीन डबे पाडले, डाळीत पाणी किती घालायचं ते अंदाजानं घातलं आणि कुकर गॅसवर चढवला.

गॅलरीतून कडुबा चोरपावलांनी आत आला. खोलीत डोकावून त्यानं दार हलकं लोटलं.

"दाजी, शिट्टी होऊ देऊ नका," तो कुजबुजला. "झोपलीय ती. लग्नाआधी झोपायची ना, तशी झोपलीय."

त्रिंबकराव कुकरपाशी उभे राहिले. शिट्टी व्हायच्या बेतात आली की गॅस बंद करायचे, वाफ जिरली की पुन्हा लावायचे. असं करत वरण शिजायला संध्याकाळ झाली, आणि तोवर मंजुळाबाई उठल्या नाहीत.